विचारायचं कसं?

वर्गातली बाकं भिंतीकडे सरकवलेली. मधल्या मोकळ्या जागेत पंधरा वर्षांची दोन मुलं समोरासमोर. एकाची भूमिका अशा मित्राची, जो आठवडाभर कुणाशी बोललेला नाही. दुसऱ्याला कळत नाहीये, याला विचारायचं कसं?

आत्महत्या टाळण्यासाठीचा तास असाही असतो.

१५ ते २९ या वयात जगभर होणाऱ्या मृत्यूंचं तिसरं मोठं कारण आत्महत्या आहे. फिनलंडने १९८६ मध्ये हा प्रश्न देशाचा म्हणून हाती घेतला. आधी एका वर्षात अशा रीतीने गेलेल्या सुमारे १४०० माणसांची माहिती गोळा केली, त्यांच्या जवळच्यांशी बोलून. उपाय नंतर. १९९० पासून तिथलं आत्महत्यांचं प्रमाण उतरत गेलं, पुढे निम्म्यावर आलं.

मुलांसाठी नेमकं काय करावं, याचा शोध युरोपातल्या १० देशांनी एकत्र घेतला. १६८ शाळा, ११ हजारांवर विद्यार्थी. काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. काही ठिकाणी तज्ज्ञांनी धोक्यातली मुलं हेरली. आणि काही शाळांत मुलांनाच बोलतं केलं, अशाच भूमिका करायला लावून. वर्षभराने पाहिलं तर पहिल्या दोन मार्गांचा ठळक परिणाम दिसला नाही. तिसऱ्या गटात मात्र आत्महत्येचे प्रयत्न, काहीच विशेष न केलेल्या शाळांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी होते. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलं एकमेकांना सावरू शकतात, फक्त त्यांना शब्द हवे असतात. मला तरी यातून हेच दिसतं.

भारताचं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं २०२२ मध्ये. सगळ्या शिक्षणसंस्थांच्या अभ्यासक्रमात मानसिक स्वास्थ्य आणायला त्यात आठ वर्षांची मुदत आहे. पण २०२२ साली आठवीत असलेलं मूल तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेलं असेल. इतकं थांबणं परवडणारं नाही.

आत्महत्येबद्दल विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही भीती खरी नाही. उलट, विचारलं की कोंडलेलं बोलायला वाट मिळते.

वर्गात मुलगा एक पाऊल पुढे येतो. "जगणं नकोसं वाटतंय का तुला?"

मित्र होकारार्थी मान हलवतो. मुलगा म्हणतो, "मग मी इथेच बसतो. आणि आपण मिळून मोठ्या कुणाला तरी सांगू."

टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.