ऑटोमॅटिकची मॅन्युअल केली, पण मागचा डिफ तोच ठेवायचा का?

नमस्कार मंडळी. आधी हे बघा. (पिनियन कॅमेऱ्याजवळ) हे पिनियन, मागच्या डिफमधलं छोटं दातेरी चाक. डिफ म्हणजे डिफरन्शियल, शाफ्टचा जोर मागच्या चाकांना देणारा गिअरचा संच. दात मोजा माझ्याबरोबर. 13. आणि ही मोठी चकती म्हणजे क्राउन, हिला 49. आता 49 भागिले 13 करा, 3.769 येतात. पावणेचारच्या थोडं वर. म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट पावणेचार वेळा फिरतो, तेव्हा मागची चाकं एकदा फिरतात.

ही जोडी माझ्या टोयोटा सुप्रातली. 1994 ची गाडी, ट्विन टर्बो, कारखान्यातून ऑटोमॅटिक आलेली. मी इथे मिशिगनमध्ये राहतो. गेल्या हिवाळ्यात तिचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स खाली घेतला आणि निसान 350झेडचा सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, सीडी009, चढवला. क्लच, पेडलं, शाफ्ट, वायरिंग, सगळं मनासारखं झालं. डिफला मात्र हात लावला नाही. म्हटलं, इंजिन तेच, चाकं तीच, मग मागचं कशाला उघडायचं? तिथेच चुकलो.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तो दिवस सांगतो. सिग्नल सुटला, क्लच सोडला, गाडीनं उसळी घेतली, आणि चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागला. टर्बो जोर धरतोय तोवर काटा लाल पट्टीत. हायवेला लागलो, सहावा टाकला, वेग ताशी 110 किलोमीटर, आणि इंजिन 2750 आरपीएमवर. आधीचा ऑटोमॅटिक याच वेगाला 2450 च्या आत असायचा. दोन गिअर वाढवूनही इंजिन आधीपेक्षा जास्त पळत होतं. घरी आलो आणि वही-पेन घेऊन बसलो.

असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलातून जोर पुढे देतो, आणि गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर साधारण दुप्पट करतो. गाडीनं चाल घेतली की ही वाढ आपोआप विरत जाते. सुप्राच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 2.804 आहे, म्हणजे इंजिन 2.804 वेळा फिरतं तेव्हा शाफ्ट एकदा फिरतो. हा बराच उंच: आकडा लहान, म्हणून ओढ कमी, पण वेग जास्त लांबपर्यंत. आकडा मोठा असला की उलट, त्याला आखूड म्हणतात. तो 3.769 नं गुणला की साडेदहा येतात. पण सुटताना कन्व्हर्टर त्याचे वीसेक करून देतो. म्हणून पहिला उंच ठेवला, तरी गाडी जड वाटत नाही.

माझ्या नव्या बॉक्सचा पहिला 3.794 चा आहे. ओढायची ताकद त्याच्या पोटातच भरलेली. त्याला पुन्हा 3.769 नं गुणलं तर 14.3. शिवाय कन्व्हर्टर गेला, आता ही 14.3 कायमची, गाडीनं चाल घेतली तरी विरत नाही. 6800 च्या लाल रेषेला पहिला गिअर 57 किलोमीटरवर संपतो. टर्बो गाडीला हे आणखी जाचतं, कारण टर्बोला फिरायला इंजिनावर भार आणि थोडा वेळ लागतो. गिअर इतका आखूड असला की बूस्ट, म्हणजे टर्बोनं इंजिनात दाबलेली हवा, पुरता भरायच्या आत तो संपलेला असतो.

मग कोणता डिफ घ्यायचा? मी टोयोटाकडेच बघितलं. हीच गाडी अमेरिकेत सहा गिअरच्या गेट्राग व्ही160 बॉक्ससह मिळायची. त्याचा पहिला 3.827, सहावा 0.793. माझ्या निसानच्या बॉक्सचे 3.794 आणि 0.794. जवळजवळ जुळी भावंडं. आणि त्या गाडीला टोयोटानं डिफ दिला होता 3.133 चा. तेच इंजिन, तेच 255/40 आर17 टायर, आणि ज्यांनी गाडी घडवली त्यांनीच काढलेलं उत्तर. 3.133 नं गुणल्यावर माझा पहिला 68 पर्यंत जातो, आणि 110 ला सहाव्यात इंजिन 2300 च्या खाली येतं.

पण थांबा, लगेच 3.133 शोधायला धावू नका! समजा मी जुन्या, तिसऱ्या पिढीच्या सुप्रा टर्बोचा पाच गिअरचा आर154 बसवला असता. त्याचा पहिला 3.251, पाचवा 0.753. त्याला ऑटोमॅटिकचाच 3.769 लावला तर पहिला 66 वर संपतो आणि 110 ला पाचव्यात 2600. म्हणजे डिफ न बदलता काम भागलं. उलट त्याच बॉक्सला 3.133 लावला तर पहिला थेट 80 पर्यंत लांबतो, आणि दर सिग्नलला तुम्ही क्लच जाळत बसाल. गाडी तीच, डिफही तोच, एकाला बरा आणि दुसऱ्याला वाईट. म्हणून कुणी नुसतं "पावणेचारचा चांगला का?" असं विचारलं तर मी आधी विचारतो, बॉक्स कोणता?

आपल्याकडे भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांचा डिफ गिअरबॉक्सच्याच पोटात असतो. बॉक्स बदलला की तोही बदलतो. हा सगळा घोळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा.

तुमच्या गाडीत कोणता डिफ आहे ते माहीत नसेल तर मागची दोन्ही चाकं उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. शाफ्टवर खडूनं खूण करा. लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन्ही चाकं शक्यतो बरोबरीनं फिरवणारा डिफ, असेल तर दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साधा डिफ असेल तर एक चाक घट्ट धरा आणि दुसरं दोन फेरे फिरवा. एक फेरा मोजलात तर निम्माच आकडा येईल.

बदलताना मी नुसती क्राउन-पिनियनची जोडी न घेता अख्खा डिफ घेतला, तुम्हालाही तेच सांगेन. हे बघा. (क्राउन उजेडात तिरका) दातावर मधोमध ही चकचकीत पट्टी दिसते? इतक्या वर्षांत पिनियन बरोबर इथेच घासलंय. नवी जोडी बसवताना ही पट्टी मधोमध आणायला पिनियनखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलायच्या, दातांना पेस्ट लावून ठसा बघायचा, पुन्हा उघडायचं. दातांमधली ढिलाई मिलिमीटरच्या शतांशात सांभाळावी लागते. जरा चुकलं तर डिफ ओरडतो, आणि ओरडणारा डिफ फार दिवस टिकत नाही. अख्खा घेतलात तर फक्त शाफ्टचे फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायच्या चकत्या, जुळतात का ते आधी मोजा.

आणि एक. स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर डिफ बदलल्यावर मीटर खोटं बोलतं. माझं 110 ला 91 दाखवत होतं. पोलिसांना तुमचा डिफ कोणता याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून आधी जीपीएसशी ताडून मीटर दुरुस्त करा, मगच हायवेला जा.

खाली चार गोष्टी लिहा: पहिला गिअर, शेवटचा गिअर, डिफ आणि टायरचा साइज. गुणाकार मी करून देतो.