काका, तुम्हाला डेंग्यू होऊन गेलाय

नमस्कार मंडळी, आमच्या लालबागच्या चाळीत एक काका आहेत, छाती ठोकून सांगतात, "पन्नास पावसाळे काढले मुंबईत, डेंग्यू शिवलासुद्धा नाही." मी म्हटलं, काका, शिवला असेल हो, तुम्हाला पत्ता लागला नसेल. जाम चिडले.

पण खरंच, डेंग्यूची लागण झालेल्या चारातल्या तिघांना एकतर काहीच होत नाही नाहीतर किरकोळ ताप येतो, आपण "व्हायरल आहे" म्हणून गोळी घेतो, दुसऱ्या दिवशी लोकल पकडतो, विसरतो. रक्त विसरत नाही, रोगाशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी त्यात राहतात. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2017-18 मध्ये देशभरात 5 ते 45 वयाच्या बारा हजारांवर लोकांचं रक्त तपासलं, तर जवळपास 49 टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेलेला निघाला आणि चिकुनगुन्या 18 टक्क्यांना.

आता कुणी म्हणेल, होऊन गेला ना, मग सुटलो. तिथेच घोळ आहे. डेंग्यूचे चार प्रकार, एक झाला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं पण बाकी तिघांपासून फार काळ नाही, उलट दुसरा प्रकार आला की जुन्या अँटीबॉडी कधीकधी त्या व्हायरसलाच पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार बळावतो. म्हणजे "मला कधी झालाच नाही" वाल्या माणसाचा पहिला डेंग्यू हा खरंतर दुसरा असू शकतो! आणि हो, ताप उतरला की हुश्श करू नका, पोट खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर लगेच हॉस्पिटल गाठा, कारण बिघडायचं ते बहुतेक ताप उतरतानाच बिघडतं. मनाने ॲस्पिरिन, ब्रुफेन तर अजिबात नको, रक्तस्राव वाढतो.

आणि आपण काय करतो, रात्री झोपताना कॉइल लावतो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो दिवसा, सकाळी आणि उन्हं उतरताना जास्त, तेव्हा आपण हाफ पँटवर पेपर वाचत बसलेलो. पिंपातलं पाणी नुसतं ओतूनही भागत नाही बरं का, अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोनमहिने टिकतात, काथ्याने घासायलाच लागतं.

परवा काकांच्याच फ्रिजमागचा ट्रे ओढला, आत अळ्या वळवळतायत. काका बघत राहिले, मग म्हणाले, "हा ट्रे असतो हे मला कुणी सांगितलंच नाही."