शेरवुडचं जंगल आणि एका झाडाभोवतीचं कुंपण

हे जे झाड दिसतंय ना, ज्याच्या फांद्यांना खालून टेकू दिलेत, ते मेजर ओक. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या शेरवुड जंगलातलं. वय साधारण ८०० ते ११०० वर्षं, नक्की आकडा कुणालाच सांगता येत नाही कारण खोड आतून पोकळ झालंय, मोजायला खोडातली वाढीची वर्तुळंच उरली नाहीत. बुंध्याचा घेर जवळजवळ ११ मीटर, म्हणजे सहा-सात मोठी माणसं हात पसरून उभी राहिली तर कुठे वेढा पूर्ण होईल. १७९० मध्ये मेजर हेमन रूक यांनी या झाडाबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून त्याला त्यांचंच नाव पडलं.

रॉबिन हूड या पोकळीत लपायचा अशी दंतकथा आहे, त्यामुळे लहान मुलं तर धावतच येतात. पूर्वी आतही जाता यायचं. पण वर्षानुवर्षं इतकी माणसं या बुंध्याभोवती फिरली की पायाखालची माती दडपून घट्ट झाली, पावसाचं पाणी मुळांपर्यंत झिरपेना, हवा जाईना. मग १९७० च्या दशकात हे कुंपण आलं. मुलांना इथे उभं करून हे एवढंच सांगा, की आपण झाडाच्या मुळांवर चालत असतो. लगेच कळतं त्यांना, परत येताना पायवाट सोडत नाहीत.

आणि बघायला फक्त हेच झाड नाहीये, शेकडो म्हातारे ओक आहेत इथे, काही तर मेलेले, वाळून तसेच उभे. ते मुद्दाम काढत नाहीत. त्यांच्या भेगांमध्ये वटवाघळं राहतात, कुजक्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, त्या खायला सुतारपक्षी येतात. मला विचाराल तर मुलांसाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे असा एखादा आडवा पडलेला ओंडका, त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसायचं आणि दहा मिनिटं गप्प राहायचं, बस्स. शरद ऋतूत ओकच्या खोडावर लालभडक, मांसाच्या तुकड्यासारखी दिसणारी अळंबी येते, ती बघून पोरं किंचाळतात (हात लावू देऊ नका, चाखणं तर लांबच). उन्हाळ्यात अंधार पडता पडता माळाच्या बाजूने रातवा पक्ष्याचा घरघर आवाज येतो, चरखा चालल्यासारखा, न थांबता.

आता तिकडे बघा, त्या फांदीवर. तपकिरी-गुलाबी अंग, पंखावर निळा पट्टा. हा ‘जे’ नावाचा पक्षी, कावळ्याच्या कुळातला. ओकची फळं पडायला लागली की हा ती उचलून नेतो आणि हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो, सगळी काही परत उकरत नाही, राहिलेल्यातली काही रुजतात. चोचीत आत्ताही एक आहे. उडाला बघा, कुंपणावरून इकडे, आपल्याच बाजूला.