जावरची खाण स्क्रीनवर उभी करताना

मंडळी, नागपुरात खाणीवर बोलायचं म्हणजे जरा धाकच वाटते, कारण इथं आयबीएम म्हणजे इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आहे, मँगनीज काढणारी मॉयल कंपनी आहे, समोर निम्मे लोक उमरेड-सावनेरच्या खाणीत उतरून आलेले असतील. म्हणून जुन्या खाणीचं थ्रीडी मॉडेल करायला जो सर्व्हे लागते, त्याचं आधी उरकतो. जमिनीखाली जीपीएस चालत नाही, खाणीच्या तोंडापासून टोटल स्टेशननं, म्हणजे कोन न अंतर मोजणाऱ्या यंत्रानं, मोजमापाची साखळी आत न्यावी लागते, फोटो एकमेकांवर चढलेले हवेत आणि लाइट कॅमेऱ्यासोबत हलला की सावल्या सरकतात न सॉफ्टवेअर गोंधळते. बस.

खरी भानगड पुढंच आहे. स्कॅन झाला म्हणजे मध्ययुगीन खाण मिळाली, असं लोक समजून राहिले, पण तुम्हाला मिळते ती आजची पोकळी! उदयपूरजवळचं जस्ताचं जावर घ्या, तिथल्या खाणीतल्या जुन्या लाकडांचं कार्बन डेटिंग दोन हजार वर्षांच्याही मागं जाते, मग मध्ययुगात जोरात काम झालं, आणि आता मॉडर्न खाणही तिथंच. पडक्या वाड्यात थरावर थर साचतो, खाणीत उलटं, नंतरचा माणूस आधीच्याचा पुरावाच खोदून बाहेर नेते. आग लावून दगड फोडलेल्या गुळगुळीत, काजळी धरलेल्या भिंती दिसतात, पण त्या कोणत्या शतकातल्या हे पॉइंट क्लाउड, म्हणजे स्कॅनमधून मिळालेला ठिपक्यांचा ढग, सांगत नाही.

जस्त काढायच्या भट्ट्यांचं मात्र तसं नाही. जस्त मोठं नाठाळ, खनिजातून सुटायला हजार डिग्रीच्या वर तापवा, आणि ते तर 907 लाच उकळते, म्हणजे निघते तेच वाफ होऊन, हवा लागली की पांढरी राख. मग या लोकांनी काय केलं, वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावल्या, मान खाली थंड कप्प्यात, अशा एका भट्टीत 36, मधे भोकांची जाळी. माल पडू नये म्हणून मुशीत काडी खोचायची, ती जळली की तिच्याच जागेतून वाफ खाली उतरायची. हे डोकं ज्याचं होतं त्याचं नाव कुठंच नाही. 1980 च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं विद्यापीठ न हिंदुस्तान झिंक यांनी खोदलं तेव्हा मुशी जागेवरच सापडल्या, म्हणून भट्टीचं मॉडेल बिनधास्त करा.

फक्त वरचा भाग जिथं पडलाय तिथं वेगळा रंग द्या. लंडन चार्टर, म्हणजे वारशाची कॉम्प्युटर मॉडेलं कशी करावी याची नियमावली, 2006 पासून हेच सांगते की पुरावा कुठं संपला न अंदाज कुठं सुरू झाला हे दिसलं पाहिजे. आपल्याकडं मात्र धूर, मशाली, घामेजलेले कामगार, सगळं एकाच चकचकीत रंगात, पाहणारा खूश, बनवणाराही खूश!

मला कोणी कॅमेरा दिला तर मी खाणीत नंतर जाईन. जावरला वापरलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत, लाखो टनांचे, लोकांनी त्याच मुशी रचून घरांच्या भिंती बांधल्या. त्या भिंती आधी स्कॅन करा, साइज मोजा, कोणत्या भट्टीशी जुळतात ते पाहा. घर पडलं की मुरूम म्हणून रस्त्यात जाते ते.