रॉक संगीत आणि चर्चच्या मनातली भीती

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या कर्मठ ख्रिस्ती मंडळींनी रॉक संगीताला सैतानाचे संगीत ठरवले, त्याच्या तबकड्या जाळल्या आणि मुलांना त्यापासून दूर ठेवण्यासाठी कित्येक दशके मोहिमा चालवल्या. ही हकिगत बहुधा गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते, पण मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. ज्या मंडळींमधून हा विरोध उठला, त्यांच्यातल्याच काहींच्या उपासनेत रॉक संगीताची वाढ झाली होती. या संगीताने माणसाचे काय होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते, आणि त्यांच्या भीतीचे मूळ मला या ओळखीत दिसते.

१९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांतून पेंटेकोस्टल चळवळीला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाला, मोठी चालना मिळाली. या पंथाच्या उपासनेत टाळ्या, खंजिरी, पियानो आणि पुढे गिटारही आली. पवित्र आत्म्याचा संचार झाला की माणसे उभी राहत, थरथरत, नाचत. आर्कान्सामध्ये १९१५ साली जन्मलेली गायिका सिस्टर रोझेटा थार्प अशाच एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, प्रचारक आईच्या सोबतीने गात मोठी झाली. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइट क्लबमध्ये भक्तिगीते गाऊ लागली, तेव्हा तिच्या मंडळीतले अनेक जण दुखावले. तिने विद्युत गिटारवर जे वाजवले, ते पुढच्या पिढीच्या रॉक वादकांनी कान देऊन ऐकले. रॉकचा तारा एल्विस प्रेस्ली याचे कुटुंबही असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथाचे होते.

याच पंथात लुइझियाना राज्यातल्या फेरिडे या लहानशा गावी दोन मावस-चुलत भाऊ एकत्र वाढले. दोघेही १९३५ साली जन्मलेले आणि दोघेही पियानोवर कमालीचा हात असलेले. त्यांतला एक पुढे रॉक गायक झालेला जेरी ली लुईस, दुसरा जिमी स्वॅगार्ट. जेरी ली टेक्सासमधल्या बायबल विद्यालयात शिकायला गेला, आणि एका सभेत भक्तिगीत बूगी-वूगी या नाचऱ्या, जलद तालाच्या ढंगाने वाजवल्यामुळे तिथून बाहेर पडला, असे सांगितले जाते. १९५७ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना त्याने मध्येच थांबून निर्माता सॅम फिलिप्सशी वाद घातला. तो वाद फितीवर टिकून आहे. हे संगीत माणसाचे भले करू शकते, असे फिलिप्स परोपरीने सांगत होते आणि सैतान आत असलेला माणूस कोणाचा आत्मा कसा वाचवणार, असे जेरी ली विचारत होता. बाहेरच्या कोणा उपदेशकाने त्याला धाक घातला नव्हता. तो स्वतःच त्या शिकवणीवर मनापासून विश्वास ठेवत होता आणि तरीही वाजवत होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असलेल्या लिटल रिचर्ड या रॉक गायकाने रॉक सोडून धर्मशिक्षणाची वाट धरली. स्वॅगार्ट मात्र उपदेशक झाला, दूरदर्शनवरून लाखो घरांत पोहोचला आणि रॉकचा सर्वांत कठोर टीकाकार बनला. त्याच्या पियानोची ठेवण ऐकून हे दोघे भाऊ असल्याचे सहज ओळखू येते.

इथे एका गोष्टीवर पांघरूण घालून चालणार नाही. १९५६ च्या सुमारास दक्षिणेत रॉकविरुद्ध जे बोलले गेले, त्यातला बराचसा भाग नीतीच्या भाषेतला वंशद्वेष होता. उत्तर अलाबामातल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या नागरिक परिषदेचा पुढारी एसा कार्टर उघडपणे सांगत होता की, हे संगीत म्हणजे गोऱ्या मुलांना काळ्यांच्या पातळीवर आणण्याचा डाव आहे. त्या वर्षी १० एप्रिलला बर्मिंगहॅमच्या मंचावर गाणाऱ्या नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर त्याच परिषदेशी संबंधित लोकांनी हल्ला केला. कोल रॉक गायक नव्हता. तो एका बाप्टिस्ट पाळकाचा मुलगा होता आणि त्याची गाणी अत्यंत सौम्य होती. ‘जंगली ताल’ हा शब्दप्रयोग तेव्हाच्या उपदेशांत पुन्हापुन्हा येतो. ज्या तालावर काळ्या मंडळ्या देवाची स्तुती करीत होत्या, तोच ताल जंगली ठरवला जात होता. प्रत्येक उपदेशकाच्या मनात हा द्वेष होता असे मी म्हणणार नाही, पण ज्यांच्या मनात तो नव्हता, त्यांनीही ही भाषा तपासून न पाहताच वापरली, याचे मला दुःख होते.

१९६६ मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडच्या जॉन लेननने एका मुलाखतीत आपला बँड येशूपेक्षा लोकप्रिय असल्याचे म्हटले होते, त्या वाक्यावरून दक्षिणेतल्या रेडिओ केंद्रांनी बीटल्सच्या तबकड्या जाळायला लोकांना बोलावले. तो प्रसंग पुष्कळांना माहीत आहे. त्याहून विचार करायला लावणारे प्रकरण १९८० नंतरचे आहे. गाणी उलटी वाजवली की त्यांत सैतानाची स्तुती ऐकू येते, असा प्रचार उपदेशक सभांतून करू लागले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या एका समितीपुढे लेड झेपलिन या बँडचे १९७१ सालचे एक गाणे उलटे वाजवून दाखवण्यात आले. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन वोकी आणि डॉन रीड यांनी या दाव्याची तपासणी करून १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उलट्या वाजवलेल्या वाक्यांचा अर्थ ऐकणाऱ्यांना लागत नव्हता. ते वाक्य बडबडगीतातले आहे, बायबलमधले आहे की सैतानाचे, हेही त्यांना ओळखता येत नव्हते. मात्र अमुक शब्द ऐकू येतील असे आधी सांगितले, की बऱ्याच जणांना ते शब्द स्पष्ट ऐकू येत. म्हणजे तबकडीत नसलेले शब्द श्रोत्यांच्या कानांत घालण्याचे काम त्या सभाच करीत होत्या, आणि त्या भरत होत्या चर्चच्या सभागृहांत, मुलांच्या समोर.

याची परिणती १९९० मध्ये नेवाडातल्या रेनो शहरात झाली. दोन तरुणांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडच्या तबकडीत दडलेल्या आज्ञेमुळे हे घडले, असा दावा त्यांच्या कुटुंबांनी लावला. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. जो आवाज ऐकू येतो तो योगायोगाने जुळून आलेला आहे, कोणी हेतुपुरस्सर घातलेला नाही, आणि त्यानेच हा अनर्थ झाला हे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा निर्णय होता. त्या आईवडिलांच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे. पण मुलांच्या आयुष्यातले दारू आणि अमली पदार्थांचे प्रश्न, जे त्या खटल्यातच पुढे आले, ते तबकडीपेक्षा कितीतरी जवळ होते.

विरोधकांपैकी ज्यांचा मुद्दा मला प्रामाणिक वाटतो, ते शब्दांविषयी फार बोलतच नसत. लॅरी नॉर्मन या ख्रिस्ती गायकाने १९६९ मध्ये येशूविषयीची गाणी रॉकच्या अंगाने गायली, १९७२ मध्ये डॅलसला भरलेल्या ख्रिस्ती युवक मेळाव्याच्या अखेरच्या दिवशी लाखाहून अधिक माणसे संगीत ऐकायला जमली, आणि तरीही बॉब जोन्स विद्यापीठासारख्या कर्मठ ख्रिस्ती संस्थांनी ख्रिस्ती रॉकलाही दार बंदच ठेवले. स्वॅगार्टने तर ख्रिस्ती रॉकला मेंढराच्या वेषातला लांडगा म्हटले. त्यांचा प्रश्न असा होता की, ताल अंगात भिनला असताना हर्षाने उचंबळून आलेला मुलगा ज्याला पवित्र आत्मा समजतो, तो आत्माच आहे की नुसता ढोल? हा प्रश्न त्यांनी आपल्या पियानोला, आपल्या टाळ्यांना आणि आपल्या मंडळीतल्या थरथरणाऱ्या माणसांनाही त्याच कठोरपणे विचारला असता, तर त्यांच्या मुलांनी तो ऐकून घेतला असता, असे मला वाटते.