दहावीनंतरचा पंधरवडा

(दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान, काही भाग गाळून.)

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं वेगळं कोकण मंडळ २०१२ पासून दहावीच्या परीक्षा घेतंय, आणि निकालात ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतंय. त्यात मुली पुढे. पेढे वाटायलाच हवेत. मला बोलायचंय ते पेढे वाटून झाल्यावरच्या पंधरवड्याबद्दल. मुलीचा अकरावीचा फॉर्म भरायचा की नाही, हे घरात ठरतं तो पंधरवडा.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलीचं लग्न अठराच्या आत करता येत नाही. मधल्या चार वर्षांत तिला शाळेत ठेवायचं की नाही, हे सगळं घराच्या मर्जीवर. किशोरवयीन मुलींच्या हक्कांबद्दल जगभर जे बोललं जातं, त्याचा गाभा माझ्या मते याच चार वर्षांत आहे. युनिसेफच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कोकणात मराठवाड्याइतकी वाईट स्थिती नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लग्न न लावताही मुलगी घरी बसतेच.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कारण तुम्हाला ठाऊक आहे, पुरुष मुंबईला. आई काजूच्या कारखान्यात नाहीतर हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला. मग धाकटी भावंडं, गोठा, आजीच्या गोळ्या, सगळं थोरल्या मुलीकडे. तिला कुणी शाळा सोड म्हणत नाही. फक्त तिच्यावाचून घर चालत नाही.

अशीच एक मुलगी, दहावीला उत्तम गुण. तिला सायन्स घ्यायचं होतं. मी विचारलं, अडतंय कुठे? ती म्हणाली, "प्रॅक्टिकल पाचला सुटतं बाई, नि आमच्याकडची शेवटची गाडी साडेचारला." एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे. तिच्याकडे तो पास होता, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. गाडी नव्हती. वडिलांनी फोनवर मुंबईहून सांगितलं, काळोखात पोरीला चढण चढायला लावू नका. त्या बापाला मी दोष देणार नाही. त्याची काळजी खरी आहे. पण काळजीवर उतारा म्हणून दर वेळी मुलीचंच शिक्षण का थांबावं?

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा मुलींचे शाळाप्रवेश सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले दिसले. सर्वांत जास्त फरक पडला तो जिथून शाळा लांब होती त्या गावांत. बांगलादेशने १९९४ पासून खेड्यातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन दिलं. अटी साध्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न न करणं. गरीब देश, पण माध्यमिक शाळेत मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. आपल्या चढ-उतारांच्या वाटांवर सायकल फारशी कामाची नाही. आपल्याला गाडीच हवी.

आपल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी कुंभार्ली घाटातून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. वयाने लहान दिसतोस म्हणून तिथे परीक्षेलाच बसू दिलं नाही. तरी ते शिकले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सांगताना मला नेहमी वाटतं, त्या काळी त्यांच्या वयाची कुठली मुलगी त्या वाटेने निघू शकली असती? आणि आज आपण आपल्या मुलीला पाच किलोमीटर सुखरूप आणू शकत नाही?

शरीराचंही सांगते, कारण हे घरात बोललं जात नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच. अकरावीला नाव नसेल तर शाळेतली ती गोळीही सुटते. मग अंगणवाडीताईंकडे मागा. मागायला लाजू नका.

कुठे अठराच्या आतलं लग्न ठरतंय असं कळलं, तर गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कुणीही करू शकतं, ती मुलगी स्वतःसुद्धा.

आता कामाचं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत एकच ठराव मांडा: शेवटची गाडी सहाच्या पुढे सोडावी. कुठल्या वाडीतल्या किती मुली त्या गाडीने येतील, त्यांची नावं-इयत्तांसकट यादी सोबत जोडा. ठराव आगार व्यवस्थापकांना द्यायला जाल तेव्हा मुलींना बरोबर न्या. बोलू दे त्यांनाच. मसुदा मी लिहून आणलाय, तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलाय. जाताना एकेक प्रत घेऊन जा.