बाटलीच्या तळाशी

(दृश्य: काष्ठौषधींचं दुकान, फळीवरच्या बरण्या, कागदावर ओतलेल्या बिया)

नाशिक. मेन रोडच्या मागची गल्ली. या चपट्या, करड्या, बटणांसारख्या बिया म्हणजे कुचला. गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून, तुपात परतल्याशिवाय वैद्य हा औषधात घालत नाहीत, कारण यात स्ट्रिकनीन असतं. इंग्रजी रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीबाईंच्या पहिल्याच कादंबरीत खून झाला, तो या स्ट्रिकनीननं.

(दृश्य: औषधाचा छोटा तराजू, चिमट्यानं ठेवलेलं वजन)

बाईंचा जन्म १८९० सालचा, इंग्लंडमधल्या टॉर्कीचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या आधी जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होत्या, मग रुग्णालयाच्या औषधखोलीत आल्या. शिकायला त्यांना गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे पाठवलं होतं. हा गृहस्थ खिशात क्युरारेचा खडा घेऊन फिरायचा. क्युरारे म्हणजे बाणाच्या टोकाला लावायचं विष! खिशात ते असलं की अंगात बळ आल्यासारखं वाटतं, असं तो सांगायचा.

एकदा सपोझिटरी, म्हणजे गुदमार्गानं द्यायच्या औषधाच्या कांड्या, बनवताना त्याचं दशांशचिन्ह चुकलं. औषध दहापट पडलं. शिकाऊ मुलीनं गुरूला तोंडावर सांगायचं कसं? बाई त्या फळीजवळ गेल्या, तोल गेल्यासारखं केलं, फळी उलटवली आणि खाली पडलेला माल नीट पायाखाली तुडवला. वर दिलगिरीही व्यक्त केली.

(दृश्य: तालमीची खोली, ट्रे पडतो, पुन्हा पडतो)

हा प्रसंग आमच्या नाटकमंडळीतल्या मुलांनी तालमीत करून पाहिला. संवाद एकही नाही, तरी बघणाऱ्याला सगळं कळतं. बाईंचं पहिलं नाटक हेच, असं आम्ही मानतो.

(दृश्य: पाण्याची बाटली, त्यात पडणारी पूड, तळाशी साचणारे कण)

आता कादंबरीतला खून. लिहिली १९१६ मध्ये, छापून आली १९२० मध्ये, मधे प्रकाशकांचे नकार. शंभर वर्षं उलटली, तेव्हा युक्ती सांगायला हरकत नाही. खुनी कोण ते मात्र सांगणार नाही. म्हातारीच्या रोजच्या टॉनिकमध्ये स्ट्रिकनीन असतंच, अगदी थोडं. त्यात कुणीतरी ब्रोमाइडची पूड टाकतं. त्यानं स्ट्रिकनीनचे स्फटिक होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. रोजचा डोस निर्धोक. शेवटच्या डोसात सगळं विष एकदम. तोवर खुनी कुठेही असू शकतो! औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानं या अचूकतेचं कौतुक केलं, आणि बाईंना ते फार मोलाचं वाटलं. आपल्याकडे मात्र रहस्यकथा म्हटलं की एस्टीत वाचून सीटवर टाकून द्यायची वस्तू.

(दृश्य: सार्वजनिक वाचनालय, कपाटातली झिजलेली पुस्तकं)

१८४० साली स्थापन झालेल्या आपल्या ‘सावाना’त, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिकमध्ये, या कपाटापाशी या. पुट्ठे कुणाचे सुटलेत, ते बघा.

१९२६ मध्ये बाई अकरा दिवस बेपत्ता होत्या. त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, आम्ही वेळ घालवत नाही.

(दृश्य: रंगमंच, एकच दार, एकच खिडकी)

नाटकाकडे त्या वळल्या त्या चिडून. १९२८ मध्ये त्यांच्या कादंबरीचं नाटक दुसऱ्यानं केलं, ते त्यांना पटलं नाही. मग १९३० मध्ये स्वतःचं आणलं. १९५२ मध्ये ‘द माउसट्रॅप’ आलं: बर्फानं कोंडलेलं घर, आत अडकलेली माणसं. १९५४ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला बाईंची तीन नाटकं एकाच वेळी चालू होती. ‘माउसट्रॅप’ कोविडमध्ये बंद पडलं, २०२१ मध्ये पुन्हा उभं राहिलं. बाई १९७६ मध्ये गेल्या.

(दृश्य: तालीम, खिडकीबाहेर पावसाचा आवाज)

आमची संहिता स्वतंत्र आहे. बर्फ नाशिकला कुठून आणणार? म्हणून इगतपुरीचा बंगला घेतलाय, आषाढातला पाऊस, कसारा घाटात दरड. राज्य नाट्य स्पर्धेसाठी रहस्यनाट्य निवडलं, तर ‘विषय जरा गंभीर घ्या’ असा सल्ला मिळाला. सध्या वाद काढ्याच्या ग्लासवरून चाललाय. दिग्दर्शकाला तो उजव्या विंगेजवळच्या तिपाईवर हवाय, नेपथ्यवाल्याला मधल्या टेबलावर. सायखेडकर नाट्यगृहात पाचव्या रांगेत बसून दोन्ही जागा बघणार, मग ठरवणार.